शुभा, तुझी पुसलेली टेप

शुभा,

तू गेल्याचा फोन मीच घेतला. सकाळी अकराची वेळ, टेलिफोनच्या बोर्डावर निम्म्या लाइनी पेटलेल्या. एका पुरुषाचा आवाज म्हणाला, "मंदाताई आहेत का?" कारखान्याच्या नंबरावर मला ताई म्हणून कोणी विचारत नाही. मी म्हटलं, "बोलतेय." "मी अरविंद. मुलुंडहून." एवढं बोलून ते थांबले. मी म्हटलं, "एक मिनिट हं, धरा," आणि दोन साहेबांचे फोन जोडून दिले, तिसऱ्याला साहेब जागेवर नाहीत म्हणून सांगितलं. तुझ्या नवऱ्यानं फोन का केला ते मला त्यांच्या थांबण्यातच कळलं होतं. तरी ते एक मिनिट मी घेतलं. परत लाइनवर आले तेव्हा ते म्हणाले, "शुभा गेली. पहाटे." मी म्हटलं, "बरं."

बरं म्हणाले मी, शुभा. सहावीपासूनची मैत्री, आणि माझ्या तोंडून निघालं काय, तर बरं.

तुझ्या आजारपणाचं मला काही माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं त्यांनी पेपरात लिहिलं, टीव्ही केंद्रातल्या तुझ्या नोकरीबद्दल, तिथल्या कार्यक्रमांबद्दल, मिळालेल्या बक्षिसांबद्दल. मी ते कात्रण दोनदा वाचलं. त्यातली बाई मला नीट ओळखता येईना. माझ्या ओळखीची शुभा म्हणजे विक्रोळीच्या शाळेत चित्रकलेच्या मास्तरांची नक्कल करताना पकडली गेलेली, आणि शिक्षा म्हणून वर्गाबाहेर उभी असतानाही खिडकीतून नक्कल चालूच ठेवणारी. टीव्हीवाली शुभा मी पाहिलीच नव्हती. एकही कार्यक्रम नाही. पाच वर्षं मी टीव्हीवर तुझं नाव यायच्या आत खोलीतून उठून जात होते.

आपलं भांडण अर्धवट राहिलंय. ते नीट लिहायचं तर मला कांदिवलीपासून सुरुवात करायला हवी.

लग्न होऊन मी कांदिवलीला गेले आणि दीड वर्षात माझी काय दशा झाली ते तुला सांगायला नको. पहिल्यांदा पळून आले ती आमच्या कांजूरमार्गच्या चाळीत, आईबाबांकडे. बाबांची गिरणी तेव्हा बंद पडल्यातच जमा होती. त्यांनी मान खाली घातली, आणि आईनं मला दुसऱ्या दिवशी परत पाठवलं. म्हणाली, "थोडा सांभाळून घे." पुढच्या वेळी मी आईकडे गेलेच नाही. पिशवी घेतली आणि सकाळी नऊ वाजता मुलुंडला तुझ्या दारात उभी राहिले. तुझं लग्न होऊन चार महिने झाले होते. दीड खोली, तुम्ही दोघं, तुझी सासू. तू मला आत घेतलंस, पोहे केलेस, माझ्या दंडावरचा डाग बघितलास. दिवसभर आपण बोललो. सासूबाई आतबाहेर करत होत्या. चार वाजता तू चहा ठेवलास आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "मंदे, एकदा शेवटचं बघू या का? मी येते तुला सोडायला."

तू माझी पिशवी उचललीस. दादरला गाडी बदलून तू माझ्याबरोबर थेट कांदिवलीपर्यंत आलीस, बिल्डिंगच्या खाली उभी राहिलीस. तिसऱ्या मजल्यावरून मी वाकून बघितलं तर तू अजून तिथंच, वर बघत. तू हात केलास. मी आत गेले.

दीड महिन्यानं नवऱ्यानं माझ्या कानशिलात मारली. डाव्या कानाचा पडदा फाटला, मग तो चिघळला आणि त्या कानानं ऐकू येणं कायमचं गेलं. तेव्हा मी कुणाला न विचारता कांजूरला आले आणि आईला म्हटलं, आता पाठवलंस तर मी रुळांवर जाईन. पाठवलं नाही तिनं. आठवड्यानं तू आलीस, हातात मोसंबी. कानाचं तुला मी सांगितलं. तू माझा डावा कान हातानं झाकून धरलास आणि कितीतरी वेळ तशीच बसलीस. त्या दिवसाबद्दल तू काही बोलली नाहीस. मीही नाही. कानाचं तेव्हा दोघींनाच माहीत होतं, आईला आणि तुला. कारखान्यात तर कळूच द्यायचं नव्हतं. लग्नाआधीपासूनची माझी बोर्डावरची नोकरी, ती मी कधी सोडली नव्हती. टेलिफोन ऑपरेटरचा एक कान बंद आहे म्हटल्यावर कोण ठेवून घेईल? मी हेडफोन उजवीकडे सरकवला आणि गप्प राहिले.

मग दोन वर्षांनी तू लिहिलेलं ते नाटक टीव्हीवर लागलं.

मी दुपारपाळीला होते. मला कळलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर. आमच्या मजल्यावर तेव्हा फक्त शालूवहिनींकडे टीव्ही, त्यामुळे सगळ्यांनी तिथं बसून बघितलेलं. शालूवहिनी हंडा लावता लावता म्हणाल्या, "मंदा, काल तुझ्या मैत्रिणीचं नाटक होतं गं. कानात मारतात त्या बाईच्या, ऐकू येत नाही तिला एका बाजूनं." आणि मग माझ्या डावीकडे येऊन, हळूच, त्यांनी माझं नाव घेतलं. मी वळले नाही. मला ऐकूच आलं नाही. त्या सगळ्याजणी माझ्याकडे बघत होत्या, तेव्हा माझ्या लक्षात आलं. महिन्याभरात ते कारखान्यात पोचलं. साहेबांनी मला कंपनीच्या डॉक्टरकडे तपासायला पाठवलं. एक कान पुरतो असं त्या भल्या माणसानं लिहून दिलं म्हणून मी आज बोर्डावर आहे.

मी तुला फोन केला. काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "तुला दुसरी गोष्ट मिळाली नाही? माझा कान टीव्हीवर दाखवलास तू." तू म्हणालीस, "मंदे, तू बघितलंस का पण?" मी म्हटलं, "मला बघायची गरज नाही, मी भोगलंय ते." तू म्हणालीस, "आधी बघ गं. मग बोल." मी फोन ठेवला आणि घरी आईला बजावलं की शुभाचं नाव या घरात पुन्हा काढायचं नाही.

त्यानंतर तू कारखान्यात फोन करायचीस. वर्षातून दोनदा, कधी तीनदा. तू "हॅलो" म्हणायच्या आत तुझा श्वास मला ओळखू यायचा. मी सरळ वायर काढायचे. पुढं फोन यायचे बंद झाले आणि मला वाटलं, दमली असेल. दमली होतीस, पण ते वेगळ्या अर्थानं, हे मला आता कळतंय.

तू गेल्यावर तीन आठवड्यांनी मी मुलुंडला गेले. आता तुमचा मोठा ब्लॉक आहे, सासूबाई नाहीत. अरविंदरावांनी दार उघडलं. मग त्यांनी कपाट उघडून दाखवलं. वरपासून खालपर्यंत व्हिडिओ कॅसेट, प्रत्येकीवर बँकेतल्या नोकरीनं वळण लागलेल्या त्यांच्या अक्षरात कार्यक्रमाचं नाव. "मी रेकॉर्ड करून ठेवायचो," म्हणाले. "ती स्वतःचं परत कधी बघायची नाही. तुम्ही यातलं काय काय पाहिलंय?"

मी म्हटलं, "काहीच नाही."

त्यांनी मान हलवली, जणू त्यांना ते ठाऊक होतं. म्हणाले, "रविवारी या. मी लावून देईन."

तसे माझे रविवार सुरू झाले. ते कॅसेट घालायचे, चहाचा कप ठेवायचे आणि स्वयंपाकघरात पेपर घेऊन बसायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी मान कशी वळतेय ते बघितलं असावं. दुसऱ्या रविवारी गेले तर खुर्ची टीव्हीच्या डाव्या अंगाला सरकवलेली, माझा उजवा कान आवाजाकडे येईल अशी.

खरं सांगते, सुरुवातीला मी तुझं काम बघत नव्हते. मी झडती घेत होते. प्रत्येक बाई पडद्यावर आली की वाटायचं, हिच्यात माझं काय घातलंय हिनं? माझी चाल? माझं बोलणं? सापडलं काहीच नाही. गोराईची एक कोळीण होती, खाडी ओलांडून बोरीवलीच्या बाजारात मासे आणणारी. तू तिला कॅमेऱ्यामागून विचारतेस, "रोज रोज कंटाळा नाही येत?" आणि ती कोयता न थांबवता म्हणते, "कंटालून कुठं जाव गं बाय? मासली थांबते काय माझ्यासाठी?" मग ती हसते, आणि हसू संपतं, आणि कॅमेरा चालूच. ती कोयता पुसते. उगाच इकडेतिकडे बघते. एकदम थकलेली दिसते.

ते मला हळूहळू कळायला लागलं. माणसाचं बोलून झालं की तू लगेच कॅमेरा बंद करत नव्हतीस. चारपाच सेकंद ठेवायचीस. बोलताना माणूस जे झाकून ठेवतो ते त्या चारपाच सेकंदांत वर यायचं. मी जन्मभर लोकांची बोलणी जोडून देते आणि बोलणं संपलं की वायर काढते. मला हे कधी ठाऊकच नव्हतं.

तुझी ती तेरा भागांची मालिका, 'पत्ता बदलला', मी तीन रविवार बघितली. गिरणी बंद पडल्यावर परळची खोली विकून बोरीवलीला ब्लॉकमध्ये राहायला आलेलं कुटुंब. त्यातला म्हातारा दर महिन्याला केस कापायला परत परळला जातो. सून म्हणते, "अहो, खाली आहे की सलून." तो म्हणतो, "इथल्या न्हाव्याला माझ्या डोक्याची ओळख नाही." मी बाबांना आठवून रडले. बाबा गेले तेव्हा तू आली होतीस, चाळीच्या जिन्याशी उभी होतीस. मी तुला वर बोलावलं नाही.

आणि मुलांच्या कार्यक्रमातली ती बाहुली! भोपळ्याएवढ्या डोक्याचा मास्तर, गणित चुकवणारा, आणि मुलं त्याला ओरडून सांगतात, "चूक, चूक!" त्यानं तोंड उघडलं आणि मी खुर्चीत सरळ झाले. आवाज तुझा होता, आणि नक्कल आपल्या चित्रकलेच्या मास्तरांची. तोच नाकातला सूर, तेच "गाढवांनो, रेघ म्हणजे काय दोरी आहे?" मी मोठ्यानं हसले. अरविंदराव दारात येऊन उभे राहिले. "काय झालं?" मी त्यांना मास्तरांबद्दल सांगितलं. त्यांना माहीत नव्हतं. इतकी वर्षं ते तो आवाज ऐकत होते, आणि तो कुणाचा ते फक्त मला ओळखता येत होतं. त्या दिवशी ते माझ्याबरोबर बसले आणि आम्ही तो भाग पुन्हा लावला.

असं सगळं कपाट संपत आलं. मग मी विचारलं, "आणि ते? कानाचं?"

अरविंदराव म्हणाले, "ते इथं नाही. तेव्हा आमच्याकडे व्हीसीआर नव्हता. केंद्रावर असेल." त्यांनी तुझ्या जुन्या सहकाऱ्यांना सांगून मला परवानगी मिळवून दिली. एका बुधवारी रजा टाकून मी टीव्ही केंद्रावर गेले. टेपांच्या लायब्ररीत एक वयस्कर गृहस्थ होते, चष्मा कपाळावर. तुझं नाव सांगितलं तर उठून उभे राहिले. "शुभाताईंच्या कोण तुम्ही?" मी म्हटलं, "मैत्रीण." पाच वर्षांनी मी तो शब्द उच्चारला.

नाटकाचं नाव मला सांगता येईना. आमच्या चाळीत त्याला सगळे कानवालीचं नाटक म्हणायचे. मी तेच म्हटलं, मान खाली घालून. त्यांनी रजिस्टर काढलं, पानं उलटली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि रजिस्टर माझ्याकडे फिरवलं.

'पोचवून आले.'

तुझ्या नाटकाचं नाव, शुभा. मी ते तीनदा वाचलं. पोचवून आले. कोण आलं पोचवून? मी नाही. मी तर तिथं राहिले होते. पोचवून आलीस ती तू.

त्याच ओळीत शेवटी लाल शाईनं एक शब्द होता. पुसली.

"त्या वेळी टेपांचा फार तुटवडा होता हो," ते गृहस्थ म्हणाले. "टेपा बाहेरून यायच्या. जुन्यांवरच नवीन भरायचं. शुभाताईंनी स्वतः येऊन विचारलं होतं, एवढी ठेवता येईल का म्हणून. तोवर गेली होती." त्यांनी पुढची नोंद बघितली. "शेतीचा कार्यक्रम भरलाय त्यावर. फवारणीचा." मी विचारलं, तो बघायला मिळेल का? त्यांना नवल वाटलं असेल, पण त्यांनी लावला. दोन माणसं खुर्च्यांवर बसून कपाशीवरच्या किडीबद्दल बोलत होती. मी दहा मिनिटं तो पडदा बघत बसले. त्या गृहस्थांनी मला पाणी आणून दिलं.

"आधी बघ गं, मग बोल," म्हणाली होतीस तू. तुझं सगळं मला बघायला मिळालं, पण जे बघायला तू सांगितलं होतंस, तेच तेवढं मिळालं नाही.

घरी आले तेव्हा आई तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर बसले. म्हटलं, "आई, शुभाचं ते नाटक तू बघितलं होतंस?"

आईनं सूप खाली ठेवलं. "बघलंय."

"मग मला कधी सांगितलं का नाहीस?"

"तू सांगलंस, तिचा नाव ह्या घरात काढूचा नाय. मी नाय काढलंय." आमची आई मालवणची. इतकी वर्षं मुंबईत काढून तिची बोली बदलली नाही, आणि दिलेला शब्दही तिनं असा अक्षरशः पाळला.

"काय होतं त्यात?"

तिनं सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, "ती कानाची बाई थोडीशीच होती गो. पयल्या दहा मिनटांत येता नि जाता. सगळा नाटक त्या दुसरेचा. जी तिका पोचवन येता तिचा." आईला गोष्ट सांगता येत नाही. ती मागंपुढं करत होती. पोचवून आलेली बाई घरी येऊन भाकऱ्या थापते, आणि पहिली भाकरी करपते. नवऱ्याला म्हणते, सोडून आले, आता होईल नीट. रोज काहीतरी करता करता थांबते. कुणी दार वाजवलं की दचकते. "माका वाटला, ती बाई म्हणजे मीच," आई म्हणाली. "लोकांका वाटला ता तुझा नाटक. माका माझा वाटला. आधी तुका मीच परत धाडलंय ना? शुभान मागसून." आणि आई पदर तोंडाला लावून रडायला लागली. बाबा गेले तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.

मी तिला जवळ घेतलं. तेव्हा मला कळलं की आईला मी कधी दोष दिलाच नव्हता. तिनंही तेच केलं होतं जे तू केलंस, पण तिच्या हातचं मी रोज जेवत होते. सगळा राग मी तुझ्या नावावर ठेवला. तू मैत्रीण होतीस म्हणून. आईकडून अपेक्षाच नव्हती, तुझ्याकडून होती.

पुढच्या शनिवारी दुपारी मी शालूवहिनींचं दार वाजवलं. गॅलरीत गुरवकाकू मटार सोलत बसल्या होत्या, आईही आली. मी म्हटलं, "वहिनी, ते शुभाचं नाटक मला सांगाल? पहिल्यापासून. मी बघितलं नव्हतं."

शालूवहिनींच्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं. "बघितलंच नव्हतंस? मग एवढी भांडलीस कशावर?"

"तुम्ही सांगितलं त्यावर."

त्यांचा चेहरा उतरला. मग त्या म्हणाल्या, "बस." आणि तिघींनी मिळून मला ते नाटक सांगितलं. गुरवकाकू म्हणाल्या, पोचवणाऱ्या बाईची साडी निळी होती. शालूवहिनी म्हणाल्या, "काकू, आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता, निळी कुठून दिसली तुम्हाला?" "मला निळी दिसली," काकू म्हणाल्या, "तू तुझं बघ." आम्ही हसलो. नळावरच्या त्या सकाळनंतर मी त्यांच्यात बसून कधी हसले नव्हते.

शेवट मात्र तिघींना पक्का आठवत होता. ती बाई अखेर मैत्रिणीला आणायला निघते. तीन जिने चढते. दाराला कुलूप. शेजारीण सांगते, ती गेली हो, आठ दिवस झाले. बाई तिथंच पायरीवर बसते. शेजारीण विचारते, "तुम्ही कोण तिच्या?"

"मग?" मी विचारलं. "काय म्हणते ती?"

"मी तिला इथं आणून सोडलं, असं म्हणते," शालूवहिनी म्हणाल्या.

"नाही गं," काकू म्हणाल्या, "ती म्हणते, मैत्रीण. एवढंच."

आई म्हणाली, "ती कायच बोलणा नाय. नुसती बघता."

तिघी वाद घालत बसल्या. मला मनात दुसरंच येत होतं. तू खरंच गेली होतीस का गं कांदिवलीला? मोसंबी घेऊन कांजूरला आलीस ती तिथून कुलूप बघून आलीस, की हे नुसतं लिहिलंस? मला विचारता आलं असतं. तू किती वेळा फोन केलास.

ते शेवटचं वाक्य ज्याला माहीत असेल असा एकच माणूस उरला होता. रविवारी मी मुलुंडला गेले आणि अरविंदरावांना विचारलं, नाटक संपताना ती बाई पायरीवर बसून काय म्हणते?

ते आठवायचा प्रयत्न करत राहिले. मग म्हणाले, "नाही सांगता येणार, मंदाताई. शेवटी शेवटी मी टीव्हीकडे बघत नव्हतो. हिच्याकडे बघत होतो."

"का?"

"ही बघतच नव्हती. ही दाराकडे तोंड करून बसली होती. दार उघडं टाकलं होतं. आई म्हणाली, डास येतात, लाव. हिनं लावू दिलं नाही. साडेआठला नाटक संपलं. मी विचारलं, कोण यायचंय का? तर म्हणाली, मंदा बघत असेल. बघितलं की ती निघेल."

अरविंदराव खिडकीबाहेर बघत होते.

"किती वेळ ठेवलं होतं उघडं?" मी शेवटी विचारलं.

"झोपेपर्यंत. मी म्हटलं, अगं, आता कुठं येणार ती? तर म्हणाली, मुलुंड न् कांजूरच्या मध्ये एकच तर स्टेशन आहे. भांडुप."